शुक्रवारची भैरवी

टॅक्सी शारजाच्या क्रिकेट स्टेडियमजवळून जात असेल आणि चालक पन्नाशी ओलांडलेला पाकिस्तानी असेल, तर पुढचं बोलणं मला पाठ आहे. "आप इंडिया से?" मी हो म्हणते. तो आरशातून एकदा बघतो, स्टेडियमकडे हनुवटी उडवतो आणि म्हणतो, "अठारा अप्रैल." 1986 साल, शेवटचा चेंडू, चेतन शर्माचा फुलटॉस, मियाँदादचा षटकार. मी म्हणते, "चौबीस अप्रैल." तो हसतो, कारण ती तारीख त्यालाही ठाऊक असते. मग उरलेल्या रस्त्यात आम्ही ट्रॅफिकला शिव्या घालतो.

या गावात प्रत्येकाची एप्रिलमधली एक तारीख असते. माझी 24. पण ती माझ्याकडे क्रिकेटमधून आलेली नाही. ती आमच्या सोप्यातून आली.

आमचं घर फोंडा तालुक्यातलं, मंगेशीच्या शेजारचं. घरात आम्ही कोंकणी बोलतो. वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आणि बाबांचं गाणं तर मराठीच. गोव्याबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला दम लागतो. गोव्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण तो त्यावरून भांडतो. दर 24 एप्रिलला संध्याकाळी बाबा सोप्यात पेटी काढायचे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची पुण्यतिथी. 1942 साली याच दिवशी पुण्यात ते गेले, वय अवघं एकेचाळीस. बाबांचे चार-पाच दोस्त यायचे: एक तबल्याला, एक टाळाला, बाकीचे मान हलवायला. आई मणगणें, म्हणजे चण्याच्या डाळीची खीर, करायची. मी तंबोऱ्यावर, कारण माझा आवाज बाबांच्या मते "अजून कच्चा" होता आणि बोटं मात्र पक्की होती.

1998 साली 24 एप्रिल शुक्रवारी आला. मी चौदा वर्षांची. आदल्या बुधवारी शारजात वाळूचं वादळ आलं होतं. सामना थांबला, लक्ष्य बदललं आणि सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 143 केल्या. भारत तो सामना हरला, पण निव्वळ धावगतीवर न्यूझीलंडला मागे टाकून अंतिम फेरीत गेला. हरून पुढे जाणं हा प्रकार मला तेव्हा फार आवडला होता. परीक्षेत असं काही मिळत नाही. अंतिम सामना शुक्रवारी, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. दिवस-रात्रीचा. म्हणजे भारताची फलंदाजी आणि बाबांची मैफल एकाच वेळी.

वाड्यावर केबल तीन घरांत होती आणि त्यांतलं एकही आमचं नव्हतं. शेजारच्या घरात वीसेक माणसं कोंबलेली, माझा धाकटा भाऊ त्यांच्यात पुढे. इकडे सोप्यात पेटी, तबला, उदबत्ती, फ्रेममधले दीनानाथ आणि तंबोरा धरून बसलेली मी. भावाने आणि मी दुपारीच खुणा ठरवल्या होत्या. सोप्याच्या खिडकीला लाकडी गज. तो अंधारात येऊन गजाबाहेर उभा राहणार: जितकी बोटं तितक्या विकेटी, हाताचा आडवा झटका म्हणजे चौकार, एक बोट आणि मग दोन मुठी म्हणजे सचिनचं शतक. मी मान न वळवता, तारा छेडत, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं.

ऑस्ट्रेलियाने 272 केल्या होत्या. स्टीव्ह वॉ आणि लेहमन, दोघांच्या सत्तर-सत्तर. भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा एक बोट. दुसऱ्यांदा हाताचे झटके, इतके की मला मोजता येईनात. बाबा त्या वेळी 'रणदुंदुभी'तल्या पदावर होते, 'परवशता पाश दैवे'. वीर वामनराव जोश्यांचं नाटक आणि दीनानाथांचा गळा. त्या पदातली ती तलवारीसारखी फिरत येणारी तान बाबांना कधीच पूर्ण जमायची नाही. दर वर्षी ते एकाच जागी अडखळायचे आणि दर वर्षी त्याच जागी तबलजी उगाच जोरात "वाहवा" म्हणायचे. भाऊ तिसऱ्यांदा आला. एक बोट. मग एक मूठ. मग दुसरी मूठ. माझ्या हातून तंबोऱ्याची तार चुकली.

बाबांनी ऐकलं. चुकलेला षड्ज त्यांना झोपेतही ऐकू येतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. भाऊ खाली बसला, पण त्याच्या डोक्यावरचे उभे केस गजांतून दिसतच होते. मला वाटलं, आता पेटी मिटणार आणि आम्हा दोघांना वाजणार. बाबांनी रुमालाने तोंड पुसलं, मंडळींना म्हणाले, "आयज गळो बरो ना," आणि सरळ भैरवी धरली. अकरासुद्धा वाजले नव्हते. त्या मैफलीची भैरवी बाराच्या आत कधी झालेली नव्हती. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. भैरवी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपली, जुन्या तबकडीच्या एका बाजूएवढी. मग बाबा सगळ्यांच्या आधी चपला घालून शेजारी गेले. कास्प्रोविचने सचिनला 134 वर पायचीत केलं तेव्हा ते दारात उभे होते. भारत सहा विकेटी राखून जिंकला. घरी येऊन आम्ही मणगणें खाल्लं, गार झालेलं.

एवढी ही आठवण. ती मी इथे इतक्यांदा सांगितली आहे की माझा बारा वर्षांचा मुलगा शेवटचं वाक्य माझ्याबरोबर म्हणतो.

योगायोग बघा, चौदाव्या वर्षी ज्या मैदानासाठी तार चुकवली, त्याच गावात संसार करायला आले. गेली सतरा वर्षं शारजात आहे. एका शिपिंग कंपनीत हिशेब बघते. एकदिवसीय सामने सर्वांत जास्त झाले ते या मैदानावर. एप्रिल 2023 मध्ये सचिन पन्नाशीचा झाला तेव्हा पश्चिमेकडच्या स्टँडला त्याचं नाव दिलं. आमच्या घरच्या ग्रुपवर मी त्या दिवशी बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "बघा, इथेही आपला माणूस." दहा मिनिटांत वाद सुरू झाला, अर्थातच "आपला" या शब्दावरून.

आता तो वाद दर 24 एप्रिलला होतो. सकाळी कोणी दीनानाथांचा फोटो टाकतो. त्याखाली एक काका लिहितात, "गोमंतकाचा सुपुत्र." दुसरे काका विचारतात, सुपुत्र गोमंतकाचा, मग गायला कुठल्या भाषेत? तिथून गाडी 1987 च्या राजभाषा कायद्यावर. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा. मराठीलाही राजभाषा करा, ही मागणी अधूनमधून पुन्हा उसळते. तिथून 1967 च्या जनमत कौलावर. आजोबांनी फुलाला मत दिलं होतं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने. आजीने दोन पानांना. दोघं त्यानंतर तीस वर्षं एकाच घरात सुखाने नांदली, पण त्यांची नातवंडं अजून मतमोजणी करताहेत. दुपारी सचिनचा केक येतो, आणि केकबरोबर त्याचा मुलगा अर्जुन येतो.

अर्जुनवर माझा भाऊ पेटतो. भावाचा मुलगा डावखुरा मध्यमगती. वयोगटाच्या संघात त्याचं नाव दोनदा आलं नाही. त्याचं कारण कुठलाही तेंडुलकर नाही, हे भावालाही माहीत आहे. पण राग कुणावर तरी काढावा लागतो. "आमच्या भुरग्यांनी कितें करचें?" तो विचारतो. अर्जुन मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला आला. डिसेंबर 2022 मध्ये परवरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने 120 काढल्या. बापानेही 1988 च्या डिसेंबरात मुंबईकडून पदार्पणातच शतक केलं होतं. सगळी वर्तमानपत्रं बापलेकाच्या जोडीवर तुटून पडली. भावाचं म्हणणं असं की त्याच डावात आपल्या सुयश प्रभुदेसाईने 212 काढल्या, ते कोणी विचारलं? इथे मी भावाच्या बाजूने आहे. 120 चा मथळा आणि 212 ची शेवटची ओळ, हा अन्यायच.

पण पुढे तो म्हणतो, भायलो तो भायलोच, बाहेरचा तो बाहेरचाच. तिथे माझं त्याचं वाजतं.

212 या आकड्यावरून मला मडगाव आठवतं. दिलीप सरदेसाई मडगावचा. 1971 साली किंग्स्टनला त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध नेमक्या 212 च काढल्या होत्या. आम्ही त्याला आपला म्हणतो, छाती फुगवून म्हणतो. तो गोवा सोडून मुंबईला गेला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. तो मुंबईत भायलोच होता आणि मुंबईने त्याला खेळवलं. दीनानाथांचं तर आणखी पुढचं. पोरवयात ते मंगेशीहून निघाले आणि किर्लोस्कर मंडळीत गेले. तेव्हा कॅसलरॉकपलीकडे ब्रिटिशांचा मुलूख होता. आमच्या अंगणातून दिसतं त्या गावचा मुलगा शब्दशः परदेशात गेला, गावाचं नाव आडनाव म्हणून बरोबर घेऊन. 1918 साली बळवंत संगीत मंडळी काढली, नाव झालं, पैसा आला. मग बोलपट आले, मंडळीने 1934 साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपटही करून बघितला आणि पैसा गेला. ते गेले तेव्हा थोरल्या मुलीला तेरावं चालू होतं. पुढचं सांगायला नको.

म्हणजे 24 एप्रिलला आम्ही जे जे साजरं करतो त्यातलं काहीही घरी घडलेलं नाही. गाणं पुण्या-मुंबईच्या रंगमंचांवर झालं, शतक शारजात झालं. फुलं मात्र आम्ही "आमच्या मातीतला" म्हणून वाहतो. मग उलट दिशेने कोणी परवरीला चेंडू टाकायला आला तर आम्ही त्याचा जन्मदाखला मागायचा, हे मला पटत नाही. त्या मुलाने गोव्यासाठी घाम गाळला, एवढं पुरे. तो किती चांगला गोलंदाज आहे, हा वेगळा प्रश्न. त्यावर भावाचं मत माझ्यापेक्षा जास्त खरं असेल.

हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तूं थंय बसून आमकां शिकयनाका."

बरोबर आहे त्याचं. इथे बसून उदार होणं स्वस्त पडतं. शारजात मी भायलीच आहे, आणि मरेपर्यंत राहीन. इथे राहणाऱ्या दहांतले जवळपास नऊजण बाहेरचे. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की सामान बांधायचं. माझा मुलगा इथे जन्मला, पण इथला नाही, आणि तो कधी इथला होईल असं इथे कोणी सांगतही नाही. सुरुवातीला मला हे कठोर वाटायचं. आता त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा वाटतो. करार स्पष्ट आहे: काम करा, पगार घ्या, स्टेडियमवर ओरडा, आणि वेळ झाली की जा. गोव्यात आम्ही कामाला येणाऱ्यांना असं स्पष्ट काही सांगत नाही. बांधकामावर माणूस हवा असतो, हॉटेलात हवा असतो, मासे कापायला हवा असतो. फक्त तो रेशन कार्डाच्या रांगेत दिसला की आम्हाला संस्कृती आठवते.

तरी भावाच्या रागाच्या तळाशी क्रिकेट नाही, हे मला कळतं. तळाशी जमीन आहे. आमच्या मागचा डोंगर, जिथे आम्ही काजू वेचायचो, तो अर्धा कापला गेला आहे. तिथे बंगले होताहेत, त्यांच्या मालकांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. आणि इथे मला गप्प बसावं लागतं. कारण त्या डोंगरातला एक तुकडा आमच्या चुलत घराण्याचा होता, विकायच्या कागदावर वारसांच्या सह्या लागल्या, त्यांत माझी एक होती. कुरियरने कागद आला, मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सही केली, पैशातून मुलाची एका वर्षाची फी भरली. भावाने सही करायला सहा महिने लावले होते. मी सहा मिनिटं लावली. तेव्हा गोंयकारपणावर व्याख्यान द्यायचा माझा हक्क कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मला नीट सांगता येत नाही. एवढं मात्र म्हणेन की डोंगर विकला तो आम्ही. एका डावखुऱ्या गोलंदाजाने नाही.

भाषेच्या वादाबद्दल माझं मत आणखी वाकडं आहे. गोव्यात असताना मी मराठीवाली होते, कडवी. इथे आल्यावर माझी मराठी फोनपुरती उरली आणि कोंकणी बाबांपुरती. मुलगा हिंदी, इंग्रजी आणि खालच्या मजल्यावरच्या मित्रांमुळे बरीचशी मल्याळम बोलतो. त्याला दीनानाथ म्हणजे "लताचे बाबा". परवा त्याने विचारलं, परवशता म्हणजे काय? मी मराठीत सांगायला गेले, अडकले, कोंकणीत सांगायला गेले, तिथेही अडकले, शेवटी म्हटलं, "स्पॉन्सरशिप." तो लगेच समजला. राजभाषेचा कागद कुठल्याही बाजूने झाला असता तरी मला तिथे त्याचा उपयोग नव्हता. घरचे लोक म्हणतील, हा परदेशात गेल्याचा परिणाम. असेल. पण सोप्यात मराठीत गाऊन मध्येच "गळो बरो ना" म्हणणारा माणूस मी पाहिलेला आहे, आणि त्याला कधी दोन्हींतली एक निवडावी लागलेली पाहिली नाही.

पणजीच्या कला अकादमीत मुख्य नाट्यगृहाला दीनानाथांचं नाव आहे. इमारत चार्ल्स कोरिया यांची, मांडवीच्या काठावर. 2023 च्या पावसाळ्यात दुरुस्ती चालू असतानाच तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. पुढे इमारत उघडल्यावर आवाजाबद्दल आणि प्रकाशाबद्दल कलाकारांनी तक्रारी केल्या. तेव्हा मात्र आमच्या ग्रुपवर मराठीवाले आणि कोंकणीवाले दोन दिवस एक झाले होते. तियात्रवाले, म्हणजे कोंकणी रंगभूमीवरचे, आणि नाटकवालेही. मग तिसऱ्या दिवशी कोणीतरी पाटीवरच्या लिपीचा विषय काढला.

आठवणी काढताना आपण निवड करतो, हेही इथे राहून जास्त दिसतं. त्या 1998 च्या कपाचं नाव कोका-कोला कप, आणि तो घेऊन गेलेला सचिन तेव्हा पेप्सीच्या जाहिरातीत होता; ही गंमत आम्ही सांगतो. संघाचा कर्णधार अझरुद्दीन होता, हे पटकन पुढे ढकलतो. 2000 साली मॅच-फिक्सिंग प्रकरणात त्याच्यावर आजीवन बंदी आली, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. मधल्या काळात सरकारने भारतीय संघाला शारजात खेळायला बंदीच केली. आणि 29 ऑक्टोबर 2000? त्या दिवशी याच मैदानावर अंतिम सामन्यात श्रीलंकेने भारताला 54 धावांत गुंडाळलं, एकट्या जयसूर्याने 189 काढल्या होत्या. सचिन त्या संघातही होता. 29 ऑक्टोबरला केक कापणारा मला अजून भेटलेला नाही. पाकिस्तानी टॅक्सीवाल्यांनाही ती तारीख आठवत नाही, म्हणजे बघा.

गेल्या 24 एप्रिलला संध्याकाळी ऑफिसातून येताना मी मुद्दाम स्टेडियमच्या बाजूने आले. दिवे लागले नव्हते. फुटपाथवर काही मुलं टेनिसच्या चेंडूने खेळत होती. एकाच्या अंगात बाबर आझमचा शर्ट, दुसऱ्याच्या कोहलीचा, यष्टी म्हणून पाण्याची पाच गॅलनची बाटली. मी कडेला उभी राहून घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. सोपा तोच, गज तेच. आतल्या खोलीत भावाच्या टीव्हीवर आयपीएल चालू, आवाज मोठा. तबलजी गेले, त्याला चार वर्षं झाली. ठेका मोबाइलवरच्या ॲपचा. बाबांनी पेटीवर हात ठेवला आणि फोनकडे न बघताच विचारलं, "ऐकू येता मगो?"

मी हो म्हटलं. भाचा मागे खिडकीत बसून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होता. आतून एकदम ओरडा झाला. बाबांनी भाता थांबवला, "कोण आउट जालो?" भाच्याने आत डोकावून कुणाचं तरी नाव सांगितलं, मला ते रस्त्याच्या आवाजात कळलं नाही. बाबांनी मान हलवली आणि भैरवी सुरू केली. हल्ली ते भैरवीनेच सुरुवात करतात. आई म्हणते, नंतर दम राहत नाही.